मदत हवी आहे: एटीआर घेऊ की ए३२०?

नमस्कार मंडळी. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आहे, उड्डाणाचे तास जेमतेम अडीचशे, आणि नोकरीच्या एकदम दोन ऑफर आल्यात. एक एटीआर ७२ या टर्बोप्रॉपवर (बाहेर पंखे असलेलं विमान): टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं खास प्रशिक्षण, कंपनीच्या खर्चाने, पण बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडता येणार नाही. दिवसाला चार-चार छोटे सेक्टर (उड्डाणं), म्हणजे लँडिंगवर हात चांगला बसेल. दुसरी ए३२० या जेटवर, रेटिंगचा खर्च माझ्या माथी. बाबा एफडी मोडायला तयार आहेत, मलाच जिवावर येतंय. घरच्यांचं एकच, ‘जेटच घे’. त्यांना बाहेर पंखा दिसला की विमान जुनाट वाटतं!

एटीपीएलचे (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे) १५०० तास कुठे लवकर भरतील? टर्बोप्रॉपवरून पुढे जेटवर जाताना अडतं का? बाँड आणि वर सहा महिन्यांची नोटीस, हे कुणी निस्तरलंय? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.