सेफ हार्बर घेतला की टेस्टिंग संपलं? कोणी सांगितलं?

हिशेबनीस
धंदेवाल्यांच्या धाग्यावर काल एकाने ठोकून दिलं: 'सेफ हार्बर ४०१-के घ्या, टेस्टिंगची कटकट कायमची गेली.' खाली सगळे आभार मानत सुटलेत, म्हणून सविस्तर लिहितोय. ४०१-के म्हणजे अमेरिकेतला नोकरीतला निवृत्तीचा प्लॅन. टेस्टिंग म्हणजे त्यात मालक आणि मोठ्या पगारवाल्यांना झुकतं माप नाही ना, याची दरवर्षीची तपासणी. सेफ हार्बर म्हणजे स्टाफला ठरलेला किमान वाटा देऊन त्यातून घेतलेली सूट. पण सुटका होते ती एडीपीमधून, म्हणजे पगारातून स्वतः भरलेल्या पैशांच्या टेस्टमधून, आणि अटी पाळल्या तर मॅचच्या (माणसाने भरलं की मालक त्यावर घालतो ते) एसीपी टेस्टमधून. वर प्रॉफिट शेअरिंग (धंद्याने आपणहून घातलेली जादा रक्कम) टाकून मालकाला जास्त टक्के दिलेत की त्या रकमेची जनरल टेस्ट दारात उभी.

२०२५ चा हिशेब बघा. दातांचा दवाखाना, मालकिणीचा पगार ३,५०,००० डॉलर. तिचे स्वतःचे २३,५००, सेफ हार्बरचे ३ टक्के म्हणजे १०,५००, आणि ७०,००० ची वर्षाची मर्यादा गाठायला ३६,००० प्रॉफिट शेअरिंग. दवाखान्याकडून तिला ४६,५०० मिळाले, पगाराच्या १३.२९ टक्के. त्याचा तिसरा हिस्सा किंवा ५ टक्के, यांतलं जे कमी ते टेस्टआधी स्टाफला द्यावंच लागतं, हाच गेटवे. इथे ४.४३. नॉन-इलेक्टिव्हचे, म्हणजे माणसाने स्वतः काही भरलं नाही तरी दिलेले सेफ हार्बरचे, ३ त्यात धरतात, वर १.४३ घातले की गेटवे पार. पण सेफ हार्बर मॅच असेल तर तो गेटवेत धरतच नाहीत! ४०,००० पगाराच्या रिसेप्शनिस्टला मॅच वेगळा, १,७७२ डॉलर वेगळे. आणि गेटवे पार झाला म्हणजे टेस्ट पास झाली असंही नाही. असले सल्ले वाचून लोक प्लॅन निवडतात आणि वर्ष संपल्यावर रडतात.

एडिसनचा दुकानदार
हे नियम छोट्या मालकाच्या मुळावर आलेत, ते कोणी बोलत नाही. माझा एक माणूस फेब्रुवारीत न सांगता निघून गेला. तरी ३ टक्के भरले, कारण 'वर्षअखेरीस कामावर हवा' ही अट सेफ हार्बरला लावता येत नाही. आणि माझा थोरला, वय २३, काउंटरवर बसतो, पगार ३२,०००. तो म्हणे हायली कॉम्पेन्सेटेड, म्हणजे टेस्टमध्ये मालक आणि मोठ्या पगारवाल्यांच्या गटात! का, तर बापाची मालकी त्याच्या नावावर धरतात. त्याच्यापायी माझी टेस्ट फेल.

ऑस्टिनवाली
मालकांचं रडगाणं पुरे. मी एच-१बी वर होते, मॅचला तीन वर्षांची क्लिफ, म्हणजे तीन वर्षं भरण्याआधी गेलं तर शून्य. थोडेच आठवडे राहिले होते आणि ले-ऑफ. ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची धावपळ, वर मॅचमधला एक डॉलर हाती आला नाही. व्हेस्टिंगवर, म्हणजे मालकाने भरलेले पैसे माणसाचे कधी होतात त्यावर, बोला कधीतरी.

एडिसनचा दुकानदार
ताई, तो राग त्या कंपनीवर काढा. सेफ हार्बरचा पैसा पहिल्या दिवसापासून माणसाचाच असतो. मला कशाला सुनावता?

जुना टीपीए (मालकांसाठी प्लॅनचा कारभार बघणारा)
सरसकट नाही. ऑटो-एनरोलमेंटच्या, म्हणजे माणसाला आपोआप प्लॅनमध्ये घेणाऱ्या, क्यूएसीए सेफ हार्बरला दोन वर्षांची क्लिफ चालते. आणि प्रॉफिट शेअरिंगला सहा वर्षांच्या पायऱ्या लावता येतात, म्हणजे हक्क टप्प्याटप्प्याने. तुमच्या प्लॅनला काय लावलंय?

एडिसनचा दुकानदार
सहा. कायद्यात बसतं म्हणून लावलं.

ऑस्टिनवाली
बघा! म्हणजे टेस्ट पास करायला स्टाफच्या नावावर पैसे दाखवायचे, आणि माणूस दीड वर्षात गेला की ते प्लॅनमध्ये परत. व्हिसावरच्या माणसाच्या हातात सहा वर्षं टिकणं असतं का?

एडिसनचा दुकानदार
माझ्याकडे कोणी व्हिसावर नाही. उगाच चोर ठरवू नका.

हिशेबनीस
भांडण राहू द्या, मुलाचं बघू. साहेब, त्यालाही ३ टक्के देताय ना? तिथेच घोळ आहे. क्रॉस-टेस्टिंगमध्ये, म्हणजे जनरल टेस्ट निवृत्तीला काय मिळेल त्यावर करताना, रक्कम ६५ व्या वर्षापर्यंत ८.५ टक्क्यांनी वाढवून बघा, २३ वर्षांच्या पोराचे ३ टक्के पन्नाशीच्या बापाच्या १३ टक्क्यांहून मोठे दिसतात. सेफ हार्बर हायली कॉम्पेन्सेटेड लोकांना द्यावाच लागत नाही. प्लॅनच्या कागदपत्रांत त्यांना वगळून घ्या.

एडिसनचा दुकानदार
हे इतक्या वर्षांत आमच्या टीपीएने सांगितलं नाही. ठीक आहे, मुलापुरतं मान्य. पण फेब्रुवारीत पळालेल्याला ३ टक्के, हे मला पटणार नाही.

ऑस्टिनवाली
फेब्रुवारीपर्यंत राबला ना तो? मग तेवढ्या पगारावरचे ३ टक्के त्याचेच आहेत.