मुलीला सुरतकलला पाठवू की पुण्याला?

रत्नागिरीचे बाबा: नमस्कार मंडळी. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी आठवीपासून शाळा सुटली की दुकानात येते. विहिरीच्या पंपाची जळकी मोटार खोलायची, जुनी तार उपसायची, स्लॉटमध्ये कागद घालून नवी कॉइल बसवायची, सगळं तिला येतं. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला की रीडिंग ओरडून सांगते.

आता जोसामधून, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून, कर्नाटकातल्या सुरतकलच्या एनआयटीत मायनिंग मिळालंय, परराज्याच्या कोट्यातून. नागपूरला व्हीएनआयटीत, म्हणजे तिथल्या एनआयटीत, निम्म्या जागा आपल्या राज्याच्या, तरी इलेक्ट्रिकल थोडक्यात हुकलं. राज्याच्या सीईटीवर पुण्याला सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळेल असं क्लासचे सर म्हणतात. आम्ही ओबीसी, उत्पन्न साडेचार लाख. नातेवाईक म्हणतात, एनआयटी सोडू नका. ती म्हणते, "बाबा, मला मोटारींचंच शिकायचंय." शिवाय एनआयटीची फी वर्षाला सव्वा लाख. काय करावं?

सुरतकलचा माजी विद्यार्थी: काका, फीला घाबरू नका. उत्पन्न १ ते ५ लाखांत असेल तर ट्यूशन फी दोन तृतीयांश माफ होते, म्हणजे वर्षाला ४२ हजारांच्या आत. हॉस्टेल, मेस वेगळं. अंतराचंही टेन्शन नको, रात्री रत्नागिरीला मत्स्यगंधात बसलं की सकाळी सुरतकल. कॉलेज मला फार आवडलं, समुद्र तर दारातच. पण तिला मोटारींचा एवढा ध्यास असेल तर मायनिंगला पाठवू नका. पुढे ब्रँच बदलू म्हणून तर मुळीच नको, त्या जागा मोजक्याच असतात.

आणि सीट फ्रीझ, म्हणजे हीच कायम, केली नाहीत ना? फ्लोट ठेवा, म्हणजे ही जागा हातात राहून वरच्या पसंतीची वाट बघता येते. पसंतीक्रमात नागपूर इलेक्ट्रिकल वर असेल तर पुढच्या फेरीत लागू शकतं. नाहीच लागलं तर शेवटच्या फेरीआधी माघार घेता येते, प्रक्रिया शुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात. ती तारीख मात्र चुकवू नका.

साताऱ्याची आई: दादा, २०२४-२५ पासून आपल्या राज्यात कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांतून, प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सुरतकलला ही सवलत नाही. माझी मुलगी याच सवलतीवर पुण्यात शिकतेय. दरवर्षी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आत्ताच बघा. केंद्राच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही. माझी तहसीलला तीन खेपांची धावपळ झाली होती.

रत्नागिरीचे बाबा: दोघांचेही मनापासून आभार. नागपूर तिसऱ्या नंबरवर आहे, सुरतकल मायनिंग नवव्या. फ्लोटच ठेवलंय. एनआयटी या नावाचा मोह मलाच जास्त होता, ती पहिल्यापासून एकच सांगत होती. नागपूर लागलं तर नागपूर, नाहीतर माघार घेऊन पुणे. दाखल्यासाठी उद्या तहसीलला जातो. ताई, पुण्यात मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरायचा की नंतर?