ओकांचा ताजमहाल आणि ‘नुकसान कोणाचं झालं?’

वरदा
‘पु. ना. ओकांनी ताजमहालाला शिवमंदिर म्हटलं, त्यात कोणाचं काय बिघडलं? उलट लोक इतिहास वाचायला लागले,’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. लोक इतिहास नाही, ओक वाचायला लागले. ती जागा राजा मानसिंहाच्या हवेलीची होती आणि त्याच्या वंशातल्या जयसिंहाला बदल्यात दुसरी मिळकत दिली, हे शहाजहानच्या दरबारचा इतिहास असलेला बादशाहनामाच सांगतो. ओकांनी तेवढंच उचललं. पुढे इमारतीच्या खर्चाचा 40 लाखांचा अंदाज आहे, तो सोडला. मकराण्याच्या संगमरवरासाठी त्याच जयसिंहाला गेलेली फर्मानं आहेत, तीही सोडली. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ओकांची याचिका फेटाळली, तरी 2022 मध्ये ताजमहालातल्या 22 बंद खोल्या उघडा म्हणून पुन्हा कोर्टात अर्ज गेलाच. ज्या पुण्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागदाशिवाय बोलू नका म्हणून जन्म घालवला, तिथे घरोघरी हे मुरलंय, याचा मला राग येतो.

माळरान
राजवाड्यांचं नाव घेताय तर त्यांनी जुळवलेल्या व्युत्पत्त्याही आठवा. ओकांनी व्हॅटिकनची वाटिका केली म्हणून ते तेवढे वाईट? माझे वडील गिरणीत कारकून होते. घरात पुस्तकं म्हणाल तर पंचांग आणि ओक. ओक वाचूनच मला जुन्या कागदांची ओढ लागली आणि मी मोडी शिकलो. तुमच्या विद्यापीठातलं कोणी आमच्या चाळीत आलं नव्हतं.

सह्यकडा
ओक आझाद हिंद सेनेत होते हे विसरू नका. आणि नेताजींचं काय? तीही कटकथाच का? 18 ऑगस्ट 1945 ला तैवानमधल्या तैहोकूला त्यांचं विमान पडलं म्हणतात, पण तशी नोंद नाही, असं तैवाननेच कळवलं. त्यांच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या मुखर्जी आयोगाने अपघाती मृत्यू नाकारला आणि 2006 मध्ये सरकारने अहवालच नाकारला. लपवण्यासारखं काही नव्हतं तर फायली उघडायला 2016 का उजाडलं?

वरदा
विषय ताजमहालाचा आहे.

निरंजन_को
आता निघालंच आहे तर ऐका. 1945 साली तैवान जपानच्या ताब्यात होतं. आजच्या तैवानकडे नोंद नसण्याने काय सिद्ध होतं? विमानात सोबत असलेले हबीबुर रहमान भाजले, वाचले, आणि त्यांनी साक्ष दिली. याच मृत्यूच्या चौकशीसाठी नेमलेल्या 1956 च्या समितीचे अध्यक्ष शाहनवाज खान स्वतः आझाद हिंद सेनेतले. ते फितूर होते म्हणायचंय?

सह्यकडा
त्याच समितीत नेताजींचे सख्खे भाऊ सुरेशचंद्र होते आणि त्यांनी सही केली नाही. हे बरं गाळलंत! माझे आजोबा सिंगापूरला त्या सेनेत भरती झाले होते. नेताजींच्या तसबिरीला त्यांनी कधी हार घातला नाही. जिवंत माणसाला हार घालायचा नाही म्हणायचे. त्यांना खुळे म्हणायची तुमची लायकी नाही.

निरंजन_को
आजोबांना कोणी खुळं म्हटलं? मी चिडलोय ते त्यांना शेवटपर्यंत वाट बघायला लावणाऱ्यांवर. फैजाबादचे गुमनामी बाबा हेच नेताजी म्हणून किती वर्षं चाललं! तुम्ही ज्या मुखर्जी आयोगाची साक्ष काढता, त्यानेही ते मानलं नाही. बाबांच्या म्हणून मिळालेल्या दातांची डीएनए तपासणी जुळली नाही. आयोग सोयीचा तेवढाच घ्यायचा का?

सह्यकडा
बाबांचं मी म्हटलंच नव्हतं. तिथे आयोगाचं बरोबर असेल. पण टोकियोच्या रेंकोजी मंदिरात नेताजींच्या म्हणून ठेवलेल्या अस्थी आणून एकदा तपासा, मग बोलू.

निरंजन_को
तपासाच. त्याला माझा कधीच विरोध नव्हता.

माळरान
हाच फरक आहे. नेताजींच्या बाबतीत सरकारने खरंच कागद दडवले, म्हणून संशय टिकला. शास्त्रीजी ताश्कंदला गेले, शवविच्छेदन झालं नाही, तिथेही तेच. वरदाताईंनी लोकांवर रागवण्याआधी दप्तरं कुलुपात ठेवणाऱ्यांवर रागवावं.

वरदा
दडवलेल्या कागदांबद्दलचा राग मान्य, तेवढाच. पण ताजमहालाचे कागद कोणी दडवलेत? तुम्हाला मोडी येते, पुराव्याची किंमत तुम्हाला कळते, आणि तरी ओकांची पाठराखण करता, हेच मला झोंबतं. ओक ज्याला तेजोमहालय म्हणतात, त्या शिवमंदिराचा एक तरी समकालीन कागद दाखवा.

माळरान
नाही माझ्याकडे. असता तर पहिल्याच प्रतिसादात दिला असता. वडिलांची पुस्तकं मात्र रद्दीत घालणार नाही.