पोस्ट लोकांची, जबाबदारी कुणाची?

रानवाट
भाचीच्या नावानं कुणीतरी सोशल मीडियावर खोटं खातं उघडलं. फोटो तिचेच, लग्नातले. खालचा मजकूर वाचवत नाही. घरातल्या अकरा जणांनी रिपोर्ट केलं. अकरा जणांना एकच उत्तर: 'नियमांचा भंग आढळला नाही.' पेपरात बदनामी छापून आली तर लिहिणाऱ्याबरोबर संपादकालाही कोर्टात उभं राहावं लागतं. ही कंपनी मात्र 'भिंत आमची, लिहिलं दुसऱ्यानं' म्हणत नामानिराळी! लोकांच्या पोस्टसाठी कंपनीला जबाबदार न धरणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ काढूनच टाका.

कोर्टाची पायरी
भाचीचं ऐकून वाईट वाटलं, पण कलम काढायला ठाम विरोध. २००४ साली बाझी डॉट कॉमवर एका विद्यार्थ्यानं अश्लील क्लिप विकायला ठेवली. त्याच्याबरोबर साइटच्या सीईओलाही अटक झाली. त्या गदारोळानंतर, २००८ च्या दुरुस्तीत ७९ चं संरक्षण रुंदावलं. तेही बिनशर्त नाही. कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली की मजकूर हटवावाच लागतो. नुसत्या कुणाच्या तक्रारीवर नाही, हे सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये त्याच कायद्यातलं ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षेचं कलम) रद्द करताना स्पष्ट केलं.

तुमच्या कामाचं: रिपोर्टचं बटण सोडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या. एरवी तक्रारीवर हटवायची सक्ती नसली, तरी तोतयेगिरी किंवा फेरफार केलेले फोटो असतील तर दोन तासांत (फेब्रुवारी २०२६ पूर्वी २४) हटवायचं बंधन आहे. दाद लागली नाही तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे.

रानवाट
आणि दोन तासांत नाही हटवलं तर?

कोर्टाची पायरी
संरक्षण जातं.

रानवाट
म्हणजे ते गेलं हे सिद्ध करायला पुन्हा कोर्टातच. तुमच्या आयडीचं नाव उगाच नाही.

सोसायटीचा हमाल
मी ८४ फ्लॅटच्या ग्रुपचा ॲडमिन. (पगार शून्य, शिव्या रोज.) रात्री दोनला कुणी काय टाकलं ते मी झोपेत बघू? २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं सांगितलं की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. नाहीतर मी त्याच दिवशी ग्रुपला कुलूप लावलं असतं. कंपन्याही तेच करतील. वादाचा वास आला की उडव! पालघर आठवा. २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. एका मुलीनं त्यावर पोस्ट टाकली, दुसरीनं ती लाइक केली; दोघींना अटक. कंपनीलाही आरोपी करता आलं असतं, तर ती पोस्ट कुणाच्या नजरेला पडली असती का?

काळी माती
मी धुळ्याचा, म्हणून आमच्याकडचं राईनपाडा गाव आठवतं. १ जुलै २०१८. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच जण. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. आधी जमत नव्हतं का? मजकुराचं उत्तर लिहिणाऱ्याकडून घ्या, पण तो किती वेगानं पसरावा हे कंपनी ठरवते. तेवढ्याचा जाब तिनं द्यावा, कलम ७९ असो वा नसो.

कोर्टाची पायरी
व्हॉट्सॲप मेसेज वाचूच शकत नाही. फॉरवर्ड करणारं बोट माणसाचं होतं.

काळी माती
आणि बोटाखालचं बटण?

सोसायटीचा हमाल
ह्याला मात्र +१. आमच्या ग्रुपमध्ये 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही दुहेरी बाणांची खूण दिसली तरी जोशीकाका पुढे ढकलतातच, पण आता असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो, म्हणून निदान एकेक करून दमतात.

रानवाट
अधिकाऱ्याकडे लेखी दिलं होतं. तिसऱ्या दिवशी खातं गेलं, पायरीसाहेबांचे आभार. दुपारी नवीन उघडलंय, नाव वेगळं, फोटो तोच हिरव्या शालूतला. आपल्या फोटोतला चेहरा ओळखून 'हिला टॅग करू का' विचारणारं यंत्र होतं ह्यांच्याकडे. कालच हटवलेला फोटो आज ओळखू येत नाही? पुन्हा फॉर्म भरतेय.