लोकसंगीतावरच्या क्लासिकल गिटार रचना सुचवा ना
रिसायटलसाठी वीसेक मिनिटांचा प्रोग्रॅम बसवतेय. लोकगीतांवरून आलेलं काहीतरी हवंय, पण नुसती चाल वाजवून मोकळं झाल्यासारखं वाटायला नको. कुठून सुरुवात करू?

उत्तर १: मिगेल ल्योबेत या गिटारवादकाने गिटारसाठी बसवलेली कॅटलान (स्पेनमधल्या कॅटलोनियाची) लोकगीतं घे, डोळे झाकून! 'एल तेस्तामेंत द’अमेलिया'त सहावी तार डी स्वरावर उतरवायची, आणि पुढे तीच चाल हार्मोनिक्समध्ये (घंटेसारख्या हलक्या सुरांत) येते, उजव्या हाताची तर्जनी तारेला हलकेच टेकवून अनामिकेने छेडायचं, जमलं की लांबून कोणी गातंय असं वाटतं. अगदी छोटी आहे पण मला महिने लागले, कारण स्वर वाजतात, गाणं लवकर येत नाही.

उत्तर २: +१. आधी चाल गाऊन बघ, श्वास कुठे घेतेस ते नोटेशनवर पेन्सिलीने मार्क कर.

उत्तर ३: संगीतकार कार्लो दोमेनिकोनीची 'कोयुनबाबा' ही गिटार रचना पण ऐक, तुर्की संगीताचा रंग आहे. ट्यूनिंग मात्र पहिली तार सोडून सगळ्या तारांचं बदलतं, म्हणून ती शेवटी किंवा इंटरव्हलनंतर ठेव, नाहीतर स्टेजवर तारा लावण्यातच वेळ जाईल आणि नव्याने लावलेल्या तारा वाजवताना सरकतातच.

प्रश्नकर्ती: थँक्यू! आज ल्योबेत गाऊनच बघते.