घरी आणलेला अंथरुणावरचा रुग्ण: मंडळांनी सांभाळायचा की महापालिकेने?

चरईकर

माणूस रुग्णालयात असेपर्यंत त्याच्याकडे बघायला कोणीतरी असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अटही नाही. पण ही मदत मुख्यतः दाखल असेपर्यंतची. डिस्चार्जचा कागद हातात पडला की पक्षाघात झालेला, खुबा मोडलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस घरी येतो आणि पुढची काही वर्षं तो फक्त घरच्यांचा असतो.

आपल्या ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत हे रोज दिसतं. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर पंचाहत्तरीची बाई ऐंशीच्या नवऱ्याचं सगळं जागेवर करते. मुलगा पुण्याला, नाहीतर परदेशात. ब्युरोची चोवीस तासांची बाई ठेवली तर पेन्शन तिच्यातच संपते, आणि बाई टिकतेच असं नाही. त्यात पुनर्विकास. निम्मी इमारत भाड्याने कुठेकुठे पांगलेली, हाकेला ओ देणारा शेजारी उरलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळं आणि सोसायट्यांनी प्रभागवार रुग्णसेवा गट उभे करावेत. वॉकर, कमोड खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारा फाउलर बेड, हवेची गादी म्हणजे एअर बेड अनामतीवर द्यावेत. आठवड्यात ठरलेल्या वारी भेट. तपासणीला नेताना सोबत. आणि वर्गणीतून एक प्रशिक्षित परिचारिका.

हे स्वप्नरंजन नाही. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वेदनाशामक सेवेची संस्था काढली, तिच्यातून पुढे गावोगाव शेजाऱ्यांचे गट झाले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्या कामाचं धोरणच आणलं. आपल्याकडेही उदाहरण आहे. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या या शहरात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० मध्ये उभी राहिली ती डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने. लोक आधी उभे राहतात, सरकार मागून येतं. आपण वाट कशाची बघतोय?

निवृत्त परिचारिका

चरईकरकाका, तुमची तळमळ पोचली, पण प्रस्तावाला माझा विरोध आहे. सरकारी वॉर्डात आयुष्य काढलंय, त्यामुळे स्पष्ट लिहिते.

केरळची अर्धीच गोष्ट तुम्ही सांगितलीत. तिथे स्वयंसेवक आहेत हे खरं, पण त्यांच्या पाठीशी पंचायतीच्या पैशातून पगार घेणारी परिचारिका आहे आणि मॉर्फिन लिहून देऊ शकणारा डॉक्टर आहे. ते दोघं काढून घेतले तर चांगल्या मनाची माणसं उरतात. पडून पडून झालेल्या, हाडापर्यंत गेलेल्या जखमेपुढे, बेडसोअरपुढे, ती बिचारी काय करणार?

दुसरं म्हणजे, आपल्याकडे स्वयंसेवेच्या नावाखाली काय होतं ते घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना विचारा. शहरात हजार ते अडीच हजार लोकवस्तीमागे एक आशा. ती कागदोपत्री स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या बायका शहापूरहून चालत ठाण्यात आल्या. मागणी एवढीच की मानधनवाढ कबूल केलीत ना, मग जीआर काढा. तो मार्चमध्ये निघाला. शहराच्या आरोग्याचा पाया ज्या बाईवर उभा आहे तिला कबूल केलेल्या पैशांसाठी रस्त्यावर चालावं लागतं, आणि आपण तिच्या शेजारी फुकट काम करणारी आणखी एक फळी उभी करायला निघालो आहोत.

तुमचे गट चांगले चालले तर महापालिकेला ते हवेच असतील. अंदाजपत्रकात गृहभेटीच्या परिचारिकेचं पद मागायला गेलात की उत्तर मिळेल, तुमच्या भागात तर मंडळ करतंय ना ते काम. आणि भेटीला जाणार कोण? पुरुष अनामतीची वही सांभाळतील. डायपर बदलायला बायका जातील.

फिजिओ ठाणे

दोन्ही बाजू वाचल्या. मी घरोघरी जाऊन व्यायाम घेतो, त्यामुळे बघितलेलं सांगतो.

पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना मदतीला आलेला शेजारी हमखास निकामी बाजूचा हात धरून ओढतो. तिथले स्नायू सैल पडलेले असतात, खांदा सांध्यातून सरकतो आणि त्या दुखण्याने पुढे महिनोन्महिने व्यायामच करता येत नाही. नाकातल्या नळीतून भरवताना रुग्णाला आडवंच ठेवतात. डोक्याकडची बाजू निदान तीस अंश तरी उचललेली हवी, आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. कूस बदलण्याचं तेच. दर दोन तासांनी बदलायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण चादरीवरून ओढत बदलली तर ओढण्यानेच कातडी सोलते. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज नाही, हा समज तर घरोघरी आहे.

हे शिकवता येतं, अवघड काही नाही. पण शिकवणारा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा यावा लागतो. एका रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्रं वाटून स्वयंसेवक तयार होत नाहीत. नाकातली नळी, लघवीचा कॅथेटर आणि जखम यांना स्वयंसेवकाने हात लावायचा नाही हे लेखी ठरणार असेल तर मी चरईकरांच्या बाजूचा. नसेल तर सिस्टरांच्या.

किसननगर गल्ली नंबर अमुक

सगळी चर्चा नौपाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर चालली आहे. जरा इकडे वागळेत या.

आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ चालवायला वेळ असलेले पेन्शनर कमी. साठीतली बाई अजून दोन घरची भांडी करते. तुमच्याकडे ब्युरोतून येणारी मावशी आमच्याच गल्लीत राहते. ती तुमच्या आईला भरवत असते तेव्हा तिची स्वतःची सासू दहा बाय बाराच्या खोलीत एकटी पडून असते, उशाशी पाण्याची बाटली ठेवलेली. वर्गणीतून परिचारिका ठेवायची म्हणजे जिथे वर्गणी जमते तिथे परिचारिका. वागळे, लोकमान्यनगर, कळव्याच्या डोंगरावरची वस्ती, मुंब्रा यांचं काय?

दानाचा आणि हक्काचा फरक आम्ही टीबीत बघितलाय. निक्षय पोषण योजनेत पेशंटच्या खात्यात २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये येत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पैसे रखडतात, पण रखडले तर आरोग्य केंद्रात जाऊन भांडता येतं, कारण ते पेशंटचे आहेत. २०२२ पासून निक्षय मित्र आले. कोणी कंपनी, कोणी मंडळ धान्याचा संच देतं. चांगलंच आहे, घेणारा दुवाच देतो. पण मित्राने पुढच्या महिन्यात संच दिला नाही तर कोणाशी भांडायचं? देणाऱ्याला जाब विचारता येत नाही.

आणि गट नव्याने कशाला काढता? शहरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समिती आहे. पन्नास ते शंभर घरांमागे एक, वर्षाला पाच हजार रुपये खर्चाला. तुमच्या प्रभागात ती आहे का, बैठक कधी झाली, पैसे कशावर गेले, एवढं विचारून या.

पडद्याआड

मी नवऱ्याचं करते. पार्किन्सन्स आहे, आता बोलणंही कमी झालंय.

सिस्टर म्हणतात ते मला पटतं, पालिकेची परिचारिका यायलाच हवी. पण मला काय हवंय ते कोणी विचारलं तर ते फार लहान आहे. कोणीतरी दोन तास यांच्याजवळ बसावं. त्यांना उचलायचं नाही, भरवायचं नाही, पेपर वाचून दाखवला तरी चालेल. तेवढ्यात मी बँकेत हयातीचा दाखला देऊन येईन, माझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढून घेईन, जमलं तर केस धुऊन शांत बसेन. वेळेला पैसे देणारे नातेवाईक आहेत. दोन तास देणारं कोणी नाही.

यासाठी अंदाजपत्रकात पद निघेल का? निघालं तर मला आनंदच आहे. पण तोवर माझ्याकडे कोणी येऊ नये, असं या विरोधातून निघू नये एवढंच म्हणते.

चरईकर

ताई, माझा सगळा प्रस्ताव याच दोन तासांसाठी आहे.

सिस्टर, महापालिका हात झटकेल ही भीती खरी आहे. पण गट नव्हते तेव्हा तरी तिने कुठे केलं? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा अख्ख्या राज्याला तिथली गर्दी दिसली. जिथे खाट मिळायची मारामार तिथून माणूस लवकर घरी पाठवला जाणारच. घराकडची बाजू भक्कम करणं हा त्या गर्दीवरचाही इलाज आहे. शिवाय मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. प्रभागातल्या माणसाने परिचारिकेचं पद मागायचं तरी कोणाकडे?

फिजिओंची लेखी मर्यादा मला मान्य. नळी, जखम, कॅथेटर, इंजेक्शन यांना स्वयंसेवक हात लावणार नाही.

पण जाणकार स्वयंसेवकाचं एक काम कोणी मोजत नाही, ते कागदांचं. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना घालून दिली. उत्पन्नमर्यादा आता अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. किती जणांना माहीत आहे? तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड आणि अर्ज घेऊन तिथल्या समाजसेवकाच्या टेबलापाशी घट्ट बसणारा माणूस सोबत असला तर लाखांचं बिल वाचतं. हे काम पालिकेचा कर्मचारी करणार नाही. ज्येष्ठांची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या हेल्पलाइन फुकट आहेत, पण त्या आहेत हेही आधी कोणीतरी सांगावं लागतं.

नेरूळकर आजी

आमच्या नवी मुंबईत विरंगुळा केंद्रं आहेत. जागा पालिकेची, रोजचा कारभार ज्येष्ठ नागरिक संघांचा. म्हणजे दोघांनी मिळून करण्यात गैर काही नाही. पण त्यातली उणीवही सांगते. केंद्रात तोच येतो ज्याचे पाय चालतात. एखादा रोजचा कॅरमवाला दिसेनासा झाला की चार दिवस विचारपूस होते, मग त्याची खुर्ची दुसऱ्याची होते. घरी पडला असेल तर त्याच्यापर्यंत केंद्र जात नाही. ठाण्यात काही सुरू करणार असाल तर आधी न येणाऱ्यांची यादी करा.

आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी माणसं पाठवताना पोलीस पडताळणी करूनच पाठवा. चांगल्या कामात संशय कसला, म्हणून लोक ती टाळतात. दागिने गेले की कामही गेलं.

मंडळाचा कार्यकर्ता

आमच्या मंडळाचं साहित्य केंद्र आहे, म्हणून अनुभव. वॉकर, काठ्या, खुर्च्या मुबलक येतात, लोक आजोबा गेल्यावर आणून देतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोविडनंतर ढिगाने आले, पण त्यांचे फिल्टर बदलायला, सर्व्हिसिंगला कोणी पैसे देत नाही. एअर बेडचा पंप बिघडला की बेड माळ्यावर. दान वस्तूचं मिळतं, देखभालीचं मिळत नाही. वर्गणीतून परिचारिका पहिली दोन वर्षं चालेल. नंतर वर्गणी काढणारी पोरंच कासारवडवलीला राहायला गेलेली असतील. कायमचा पगार वर्गणीवर ठेवू नका, तो पालिकेकडेच मागा.

निवृत्त परिचारिका

पडद्याआड ताई, तुमच्याकडे कोणी येऊ नये असं मला स्वप्नातही म्हणायचं नाही. शेजारधर्म कोणाच्या परवानगीने चालत नाही. तुम्ही पाचपाखाडीच्या आसपास असाल तर निरोप ठेवा, मी स्वतः येते.

पण चरईकरकाका, अर्ज करणार असाल तर दोन वेगळे करा. एक साहित्य केंद्राच्या जागेचा, तो मंडळाच्या नावाने. दुसरा प्रत्येक आरोग्य केंद्राला गृहभेटीची परिचारिका देण्याचा, तो नागरिकांच्या नावाने. त्या दुसऱ्यात ‘स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने’ असं एकदाही लिहू नका. तेवढ्या ओळीवर पद मानधनाचं होतं, ठेकेदाराकडे जातं, आणि मग ती परिचारिकाही आशाताईंसारखी पगारासाठी चालत येते. भेटींची संख्या, ड्रेसिंगचं साहित्य, गाडी, सगळं त्यात मागा. त्यावर माझी सही नक्की.

चरईकर

दोन अर्ज, कबूल. वर्गणीची परिचारिका मी प्रस्तावातून काढत नाही. पद मंजूर होईपर्यंत तरी ती लागेलच, आणि मंजुरीला वर्षं जातील. तिथे आपलं जुळत नाही, ते तसंच राहू दे. आता येत्या रविवारी कोण कोण वेळ देऊ शकतं ते सांगा, प्रभागातल्या घरी पडून असलेल्यांची यादी करायची आहे.

किसननगर गल्ली नंबर अमुक

यादीला मी येतो, चार आशाताईंनाही विचारतो, त्यांच्याकडे ती निम्मी तयार असेल. त्यांच्या दिवसाचे पैसे देणार असाल तरच. आणि पहिलं साहित्य केंद्र नौपाड्यात नको, इकडे करा. तुमच्याकडून वॉकर रिक्षाने इथवर येईल. आमच्याकडचा माणूस नौपाड्यात अनामत भरून तो न्यायला येणार नाही.