मदत हवी आहे: मुठेकाठी कोजागरी करायची आहे, तयारी कशी करावी?

शनिवारपेठी
मंडळी, आमच्या आळीतल्या दहा-बारा इमारतींनी मिळून यंदाची कोजागरी गच्चीऐवजी नदीकाठी करायचं ठरवलंय. जागा डोक्यात आहे ती पुण्यात भिडे पूल ते ओंकारेश्वर या पट्ट्यातली, आपल्या पेठांच्या बाजूची. माणसं दोनशे ते अडीचशे, त्यात म्हातारी माणसं बरीच आणि पोरंटोरं तर असणारच. बेत असा: संध्याकाळी सातला जमायचं, भावगीतं, मग आळीतले दोन-तीन आजोबा 1961 च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगणार (त्या दिवशी हे लोक पेठेतच होते), आणि बाराच्या सुमाराला दूध. पाण्यात द्रोणातले दिवे सोडायचीही टूम निघाली आहे.

गणपतीचा मांडव घालायचा अनुभव आहे, पण नदीपात्रात कधी काही केलेलं नाही. परवानगी कुणाची लागते? विजेचं काय करायचं? डास? आणि पाऊस आला तर? मला स्वतःला पावसाची फार धास्ती नाही, कारण यंदा अधिक मासामुळे कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. पण आमच्या हिच्या मते मी सगळंच गृहीत धरतो. म्हणून विचारतोय.

मुठाकाठ
वहिनींचं बरोबर आहे. पाऊस पुण्यात आला तर काय, हा प्रश्न दुय्यम. तो घाटमाथ्यावर किती पडला आणि धरणात जागा किती उरली आहे, हे आधी बघायचं.

जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला धरणं रिकामी असतात, चार दिवस धो-धो कोसळलं तरी पाणी अडतं आणि शहरातली मुठा जेमतेम हलते. सप्टेंबरनंतर उलटं. चारही धरणं भरत आलेली असतात आणि मग थोडक्या पावसाचंही पाणी खाली सोडावं लागतं. त्यातून खडकवासला हे साखळीतलं सगळ्यात लहान धरण, क्षमता 1.97 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). वरची पानशेत, वरसगाव, टेमघर धरून साखळीची एकूण क्षमता 29.15 टीएमसी. म्हणजे आंबी आणि मोसी नद्यांवरून आलेलं पाणी खडकवासल्यात मुक्काम करतच नाही, आलं की पुढे. क्युसेकचे आकडे बातमीत वाचून नुसते सोडून देऊ नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. हजार क्युसेक सोडले तर सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर तुमच्या सतरंजीच्या दिशेने निघालेत असं समजायचं.

याची निदान सूचना तरी मिळते. पाटबंधारे विभाग विसर्ग जाहीर करतो, महापालिका पात्रातला रस्ता बंद करते. नाल्याचं पाणी मात्र सांगून येत नाही. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवा, आंबिल ओढा. तो पूर खडकवासल्याच्या विसर्गाचा नव्हता. कात्रजकडून येणाऱ्या ओढ्यात रात्रीच्या पावसाने पाणी चढलं आणि माणसं गेली. तो ओढा मुठेला मिळतो तो तुमच्या जागेच्या वरच्या अंगाला. 2022 च्या ऑक्टोबरातही मध्यावर एका रात्रीत शहर तुंबलं होतं. मोसमी पाऊस पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो हे खरं, त्यामुळे तुमची तारीख बरी आहे. पण उकाड्यानंतरच्या वळिवाला पंचांग कळत नाही.

माझा सल्ला: खालच्या पात्रात काहीही मांडू नका. बसायचं ते वरच्या पातळीला, आणि म्हातारी माणसं दहा मिनिटांत आपल्या पायांनी रस्त्यावर येऊ शकतील अशाच जागी. आदल्या आठवड्यापासून विसर्गाचे आकडे रोज बघायचं काम एकाच माणसाकडे द्या. रद्द करायचं की नाही हे त्या दिवशी दुपारी तीनला ठरवायचं, आणि ठरवायचंही त्यानेच. संध्याकाळी सहाला दूध उकळत असताना असा निर्णय कुणाच्याने होत नाही.

चकवा
अडीचशे माणसं, दोन ढग, एक नदी आणि एवढी डोकेफोड. गच्ची काय वाईट आहे?

शनिवारपेठी
गच्ची वाईट नाही हो, पण अडीचशे माणसं मावतील अशी गच्ची आमच्याकडे नाही. शिवाय नदीच्या कुशीत राहून पोरांनी नदी बघितली ती पुलावरून, नाकाला रुमाल लावून. एक संध्याकाळ तरी काठावर बसावं, एवढीच हौस. @मुठाकाठ, दुपारी तीनची अट मनापासून पटली. वर कुठे बसता येईल ते उद्या जाऊन बघतो.

मांडववाला
विजेबद्दल सांगतो, आमचा धंदाच तो. नदीकाठी ओल असते, गवत असतं, लोक चपला काढून बसतात. तिथे जमिनीवरून 230 व्होल्टची वायर ओढायची नाही म्हणजे नाही. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडलं, त्या पहाटे पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेली तीन तरुण पोरं विजेच्या धक्क्याने गेली. ती जागा तुमच्या समोरच्या काठाला आहे, हे वेगळं सांगायला नको.

चार्जिंगचे एलईडी दिवे भाड्याने मिळतात, पाच-सहा तास सहज चालतात. पौर्णिमेला जास्त उजेड लागतही नाही, पायऱ्यांवर आणि उतारावर मात्र हवाच. वीज घ्यावीच लागली तर परवाना असलेल्या वायरमनकडून, ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून, आणि बोर्ड बसायच्या पातळीपेक्षा चांगला उंच टांगून. जनरेटरचं नाव काढू नका, त्या घरघरीत भावगीत कोण ऐकणार? आणि मांडव घालूच नका. कोजागरीला वर कापड ताणून चंद्र झाकायचा हे मला आजवर कळलेलं नाही, तरी दरवर्षी ऑर्डर येतात.

कायदेपंडित_नव्हे
परवानगीचा क्रम: आधी जागा नेमकी कुणाच्या ताब्यात आहे ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा. पात्र, घाट, रस्ता, बाग, देवस्थान, दर वीस पावलांवर मालक बदलतो. त्यांचं पत्र हातात आलं की पोलीस ठाणं. रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखा. फिरतं शौचालय आणि कचऱ्याची गाडी यांचा अर्ज त्याच फेरीत देऊन टाका, नंतर कुणी जात नाही.

आता खरी अडचण. तुमचं दूध बाराला आणि ध्वनिक्षेपकावर बंदी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत ते. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत असते, ती यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपला दिवस त्यात आहे का ते बघा, नसेल तर उगाच घासाघीस करू नका. दहाला माईक बंद, पुढे नुसत्या गप्पा. पात्रात आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जातो, आणि तिथल्या लोकांनी तुमचं दूध प्यायलेलं नसतं.

नाडीपरीक्षा
डासांबद्दल दोन शब्द. जलपर्णीत आणि सांडपाण्यात वाढतो तो क्युलेक्स, संध्याकाळनंतर चावतो, पण डेंग्यू त्याच्याने होत नाही. डेंग्यूचा एडिस स्वच्छ साठलेल्या पाण्यातला, दिवसा चावणारा. तो तुमच्या गच्चीवरच्या कुंड्यांत सापडेल, चकवासाहेब. तेव्हा नदीवर जाऊन डेंग्यू होईल ही भीती नको, पण चावून हैराण करतील हे नक्की. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाला आधी अर्ज देऊन फवारणी करून घ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा, लहान मुलांना मलम. वारा असला की डास टिकत नाहीत, तेव्हा बसायला मोकळी, वाऱ्याची बाजू बघा.

पाण्याला मात्र कुणी हात लावायचा नाही. आपल्या मुठेत शहराचं सांडपाणी आहे. पायाला जखम असलेल्याने तर काठच्या चिखलातही उतरू नये, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. द्रोणातले दिवे सोडण्याच्या टुमीला माझा विरोध याच कारणाने आहे. दिवा सोडायला पोरं वाकणार, पाय घसरणार. आणि दुसऱ्या दिवशी ते द्रोण, मेण, वाती पुढच्या पुलाच्या खांबाला अडकलेले दिसतील. गवत दोन दिवस आधी कापून घ्या. पावसाळ्यानंतर काठाला साप असतात, घोणससुद्धा. रुग्णवाहिकेसाठी 108 लक्षात असू द्या आणि ती कुठून आत येईल ती वाट गाड्यांनी अडवू नका.

सायीवरची_साखर
सगळे नदीत अडकलेत, दुधाचं कुणी बोललंच नाही. अडीचशे माणसांना प्रत्येकी दीडशे मिली म्हणजे साडेसदतीस लिटर तयार दूध. आटवायचं धरून म्हशीचं पन्नास लिटर घ्या. काठावर शेगडी-सिलिंडर मांडू नका, वाऱ्याने आच लागत नाही आणि मुलं धावत असतात. घरी किंवा आचाऱ्याकडे आटवून, थर्मासच्या मोठ्या कॅनमध्ये कडकडीत भरून आणा. नऊला कोमट झालेलं दूध बाराला पाजायचं नाही, नासलं तर अडीचशे पोटांचा प्रश्न. केशर, वेलची, जायफळ घरूनच, चारोळी वर. बदाम-पिस्त्याची पूड वेगळी ठेवा, कुणाला चालत नाही. पेले प्रत्येकाने घरून आणायचे. कागदी कपाला आतून प्लास्टिक असतं आणि पाचशे कप वाऱ्यावर नदीत जाणार हे मी आत्ताच सांगते.

शनिवारपेठी
उद्या म्हटलं होतं, गेलो एकदाचा आज. दोघा आजोबांनाही बरोबर नेलं. खाली उतरायच्या पायऱ्या बघूनच एकाने मान हलवली. दुसऱ्याने मात्र काठीने दाखवलं की 12 जुलै 1961 ला पाणी कुठवर होतं. ती खूण बघितल्यावर ‘वरची पातळी’ म्हणजे नक्की काय, याबद्दलची माझी कल्पना बदलली.

तर आता बेत असा. संध्याकाळी साडेसहाला ज्यांना चालवतं त्यांनी काठच्या वरच्या रस्त्यावर जमायचं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो, आणि पेठेत तो इमारतींच्या आड असतो तेव्हा नदीवर उघडा दिसतो. तिथे तासभर, माईक नाही, मांडव नाही, दिवे नाहीत. आजोबांच्या आठवणी तिथेच, नदीकडे तोंड करून. आठला सगळ्यांनी आळीतल्या शाळेच्या पटांगणात. नऊ-दहापर्यंत चंद्र छपरांच्या वर येतो, दूध तिथे. पाऊस आलाच तर शाळेचा हॉल आहे.

@कायदेपंडित_नव्हे, शाळेजवळ शांतता क्षेत्राची भानगड असते ना? रात्री शाळा बंद असली तरी?

कायदेपंडित_नव्हे
बंद असली तरी नियम चालू असतो. पोलीस ठाण्यात विचारून घ्या, पण मी तुमच्या जागी असतो तर माईकच लावला नसता. दोनशे माणसांच्या पटांगणात पेटी-तबला आणि उघडा गळा पुरतो. क्षेत्रीय कार्यालयाचा अर्ज तरी द्या, रस्त्यावर शंभर माणसं उभी राहणार आहेत.

शनिवारपेठी
ठीक, माईक रद्द. गाणारी बाई खूश झाली, तिला तो तसाही नको होता. अर्ज सोमवारी देतो. विसर्गाचे आकडे बघायचं काम हिच्याकडे दिलंय.

मुठाकाठ
दुपारी तीनचा अधिकारही त्यांच्याकडेच ठेवा.